व्हायरल तापानंतर थायरॉईड बिघडू शकतं का? टीएसएच 0.02 आलंय, आता जन्मभर गोळी घ्यावी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी व्हायरल ताप येऊन गेला, आता मानेचा पुढचा भाग दुखतो, कळ कानापर्यंत जाते, छातीत धडधडतं, हात थरथरतात आणि टीएसएच 0.02, म्हणजे खूपच कमी आलंय. (टीएसएच हा मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचा थायरॉईडला ‘हार्मोन बनव’ असा निरोप; रक्तात थायरॉईड हार्मोन वाढलं की तो घटतो, कमी पडलं की वाढतो.) हे तापामुळेच झालं असण्याची शक्यता चांगलीच आहे. तसं असेल तर जन्मभर गोळी लागण्याची शक्यता कमी. पण त्यासाठी हा रिपोर्ट नीट वाचला जायला हवा, कारण घोळ नेमका तिथेच होतो.

थायरॉईड ग्रंथी हार्मोन तयार करून सगळं लगेच रक्तात सोडत नाही. ग्रंथीतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनाला जोडून, ती दोन-तीन महिने पुरेल इतका साठा राखून ठेवते. विषाणूसंसर्गानंतर साधारण 2 ते 8 आठवड्यांनी काही जणांच्या ग्रंथीला सूज येते, पिशव्या फुटतात आणि साठा एकदम रक्तात उतरतो. याला सबअ‍ॅक्यूट थायरॉयडायटिस म्हणतात. फ्लू, गालगुंड, कॉक्सॅकी, अ‍ॅडेनोव्हायरस यांच्यानंतर हे पूर्वीपासून दिसत आलंय; 2020 पासून कोविडनंतरचेही रुग्ण नोंदले गेले. बायकांमध्ये, त्यातही तिशी ते पन्नाशीत, प्रमाण जास्त. ताप सगळ्यांना येतो, पण हा त्रास मोजक्यांनाच होतो, कारण त्यात जनुकीय कलाचा भाग असतो.

म्हणजे तुमची ग्रंथी जास्त हार्मोन *बनवत* नसावी, साठवलेलं हार्मोन *गळत* असावं. टाकी फुटून घरात पाणी झालं असेल तर नळ बंद करून काय उपयोग? कार्बिमाझोल हे नवीन हार्मोन बनणं थांबवणारं औषध. ग्रेव्हज आजारात, जिथे ग्रंथी खरोखरच जास्त हार्मोन बनवते, ते बरोबर, इथे त्याने काहीच साधत नाही. उलट क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात. नुसतं कमी टीएसएच पाहून ते सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. अँटिबायोटिकचंही तेच. दुखणं घशाचं समजून कोर्सवर कोर्स होतात, पण घसा आतून साफ असतो आणि दुखतं ते बाहेरून, ग्रंथीवर बोट दाबल्यावर. अनेकदा दुखणं आधी एका बाजूला असतं आणि आठवड्याभराने दुसऱ्या बाजूला सरकतं. ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खात्री करायला फ्री टी4 आणि टी3 (थायरॉईडची दोन हार्मोन्स), तसंच ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्या. ईएसआर बहुधा 50 च्या वर जातो, कित्येकदा 100 च्याही. गळतीत टी3 पेक्षा टी4 ची वाढ ठळक असते, ग्रेव्हजमध्ये सहसा टी3 पुढे असतं. तरीही शंका उरली तर टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी (ग्रेव्हज ओळखणारी रक्ततपासणी) आणि थायरॉईड स्कॅन. सुजलेली ग्रंथी स्कॅनसाठी दिलेलं किरणोत्सारी द्रव्य जवळजवळ शोषतच नाही, ग्रेव्हजची भरभरून शोषते. गरोदरपणात स्कॅन करत नाहीत. आणखी एक: केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. काही यंत्रांवर त्याने टीएसएच खोटंच कमी आणि टी4 खोटंच जास्त येतं.

दुखणं सौम्य असेल तर आयब्युप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी पुरते, साधारण 400 मिग्रॅ. दिवसातून तीनदा, जेवणानंतर. अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण यांपैकी काही असेल, किंवा अजून ताप असून डेंग्यूची शक्यता असेल, तर ही गोळी स्वतःहून घेऊ नका. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात, बहुधा रोज 15 ते 40 मिग्रॅ. त्याने एक-दोन दिवसांत दुखणं झपाट्याने ओसरतं. ओसरलं नाही तर निदानच पुन्हा तपासायला हवं. बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी स्टिरॉइड सोडून देणं ही हमखास होणारी चूक. दुखणं परत उसळतं. डोस टप्प्याटप्प्याने, सहसा सहा-आठ आठवड्यांत उतरवतात. मधुमेह असेल तर त्या काळात साखर वाढते, ती मोजत राहा. धडधड आणि थरथर यांसाठी प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असेल तर ते आधीच सांगा.

आता गोळीचा प्रश्न. गळतीचा टप्पा सहसा 3 ते 8 आठवडे चालतो. साठा संपला की ग्रंथी सावरेपर्यंत हार्मोन कमी पडतं आणि टीएसएच उलट वर जातं. आधी 0.02 होतं आणि आता 14 आलं, तर लॅब चुकली असं नाही, तो त्याच आजाराचा पुढचा टप्पा आहे. याच टप्प्यावर थायरॉक्सिन (थायरॉईड हार्मोनची गोळी) सुरू होतं आणि ‘तुम्हाला थायरॉईड आहे’ असा शिक्का बसतो. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं असा त्रास बराच असेल किंवा गरोदरपण असेल तर गोळी जरूर घ्यावी. पण ती सुरू करतानाच ‘बंद करून कधी पाहायचं?’ हे विचारा. साधारण 3 ते 6 महिन्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून, सहा आठवड्यांनी टीएसएच तपासतात. बहुतेकांची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते. शंभरात साधारण 5 ते 15 जणांना मात्र गोळी कायम लागते. तोवर दर 4 ते 6 आठवड्यांनी टीएसएचबरोबर फ्री टी4 ही करा, कारण टी4 सुधारल्यावरही टीएसएच काही आठवडे मागे रेंगाळतं.

मान अजिबात दुखत नसताना फक्त रिपोर्ट बिघडले असतील तर गोष्ट वेगळी असू शकते. मोठ्या आजारपणात, विशेषतः अ‍ॅडमिट असताना, शरीर स्वतःच टी3 कमी करतं आणि टीएसएचही खाली येतं. बरं होताना ते काही काळ 20 पर्यंतही चढू शकतं. तिथे ग्रंथी धडधाकट असते. सहा आठवडे थांबून तपासणी पुन्हा करायची. आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्यांनी तापात ते बंद करू नये. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत आणि त्यात चार तासांचं अंतर ठेवावं.

बसल्या जागी नाडी 120 च्या वर किंवा अनियमित असेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मानेवरची त्वचा लाल आणि गरम होणं, हुडहुडी भरून ताप, थुंकी गिळणंही अवघड होणं ही ग्रंथीत पू झाल्याची लक्षणं असू शकतात. तिथे स्टिरॉइडने नुकसान होतं. अँटिबायोटिक आणि कधी पू काढणं तातडीने लागतं. आणि कुणी कार्बिमाझोल आधीच सुरू केलं असेल व त्यावर ताप आणि घसादुखी आली, तर पुढचा डोस न घेता लगेच सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करून डॉक्टरांना दाखवा.