प्रश्न तुमचे: खाली घेतलेली गाडी आणि दुसऱ्या मॉडेलचे आर्म

प्रश्न: रेस ट्रॅकसाठी हॅचबॅक 45 मिमी खाली घेतली आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डँपर म्हणजे शॉक अब्सॉर्बर यांचा एकत्र खांब) आहेत आणि स्टीअरिंग रॅक (चाकं वळवणारी आडवी दांडी) चाकाच्या मध्यरेषेच्या मागे आहे. त्याच कंपनीच्या सेडानचे लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे हात) बोल्टला बोल्ट जुळतात, फक्त 12 मिमी लांब आहेत. ते लावल्यावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) वाढेल का? आणि गाडी वळणात पूर्वीपेक्षा जास्त कलते, ते थांबेल का?

उत्तर: कॅम्बर वाढेल, कलणं थांबणार नाही. बॉल जॉइंटपासून (आर्मच्या बाहेरच्या टोकाचा गोल सांधा) स्ट्रटच्या वरच्या माउंटपर्यंत साधारण 600 मिमी अंतर असेल, तर 12 मिमीने सुमारे 1.1 अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत झुकलेली) मिळतो. ट्रॅकसाठी ही चांगली मिळकत आहे. कलण्याचं कारण मात्र आर्मच्या लांबीत नाही, त्याच्या कोनात आहे. गाडी खाली आली की आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं. गुरुत्वमध्य 45 मिमी उतरतो, पण रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) त्याहून बरंच जास्त उतरतं. दोघांमधलं अंतर वाढलं की स्प्रिंग तीच असूनही गाडी जास्त झुकते. त्यावर इलाज म्हणजे 20 ते 25 मिमी लांब दांड्याचा बॉल जॉइंट. त्याने नकल (चाकाचा हब धरणारा भाग) आणि आर्म यांच्यातलं अंतर वाढतं आणि आर्म पुन्हा आडवा होतो. पण टाय रॉडचं (रॅकपासून नकलपर्यंतची दांडी) बाहेरचं टोकही साधारण तेवढंच खाली घ्यावं लागतं, नाहीतर चाक वरखाली होताना टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) बदलत राहतो. शिवाय वाढलेला आर्म रिमच्या आतल्या कडेला घासत नाही ना, हे चाक लावून पाहा.

आता सेडानच्या आर्मबद्दल. बोल्ट जुळले म्हणजे भाग जुळला, असं धरू नका. आधी बॉल जॉइंटच्या दांड्याचा निमुळतेपणा तपासा. दांड्याला निळ्या रंगाचा पातळ थर द्या, नकलच्या भोकात बसवून थोडा फिरवा आणि काढा. रंग किमान तीन चतुर्थांश भागावर सारखा उमटला पाहिजे. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला उमटला तर तो आर्म वापरू नका. नट पूर्ण आवळला जातो, दांडा मात्र आत डोलत राहतो आणि ब्रेक लावताना तुटतो. भोक मोठं करून किंवा पत्र्याची पट्टी घालून हे जमवण्याचा विचारही नको.

आर्म लांबला आणि टाय रॉड तसाच राहिला की चाक टो-आउट होतं, म्हणजे त्याची पुढची बाजू बाहेर वळते, तेही कित्येक अंशांनी. 1.5 मिमी पिचच्या आट्यांवर टाय रॉड एंड दोन्ही बाजूंना सुमारे आठ फेरे बाहेर घ्यावा लागेल. 14 मिमी व्यासाला आत किमान 20 मिमी आटे उरले पाहिजेत, कमी उरले तर लांब टाय रॉड लावा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर हबही सुमारे 9 मिमी बाहेर सरकतो आणि ड्राइव्हशाफ्ट (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणारा दांडा) तेवढा ओढला जातो. चाक पूर्ण लोंबतं ठेवून आतल्या जॉइंटमध्ये मागेपुढे हालचाल शिल्लक आहे का, ते हाताने पाहा. ती नसेल तर जॉइंटमधले रोलर त्यांच्या कपाच्या बाहेर निसटतात.

बसवताना रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नका. चाकांवर वजन आल्यावर, नेहमीच्या उंचीवर आवळा. लोंबत्या स्थितीत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. टो मात्र सगळ्यात शेवटी लावा.

प्रश्न: सेडानच्या स्प्रिंगचा एक वेढा कापून त्या वापरल्या तर?

उत्तर: सहा कामाच्या वेढ्यांतला एक कमी झाला की स्प्रिंग 20 टक्के कडक होते, कारण कडकपणा वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. खरी अडचण चाक लोंबल्यावर येते. स्प्रिंग सैल पडते आणि परत येताना बैठकीवर वाकडी बसते. मोजलेल्या उंचीची आखूड स्प्रिंग आणि आखूड बॉडीचा डँपर अशी जोडीच घ्या. जुन्या लांब डँपरवर गाडी बम्प स्टॉपवरच (हालचाल संपते तिथला रबरी ठोकळा) टेकून चालते आणि वळणाच्या मध्यात पुढचं टोक अचानक ताठ होऊन बाहेर सरकतं.

मागच्या बाजूसाठी सेडानचा आकडा थेट उचलू नका. चाकाला जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले मोशन रेशोचा (चाक जितकं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग दबते) वर्ग. 60 न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग 0.9 रेशोवर चाकाला 48.6 देते, तर 0.7 वर 29.4.