सड्यावरचे गोल खड्डे आणि चकमकीच्या खाणी

प्रश्न : इंग्लंडमधील ग्राइम्स ग्रेव्हज येथील चकमकीच्या (हत्यारे घडवण्याच्या कठीण दगडाच्या) प्राचीन खाणींचे विमानातून घेतलेले छायाचित्र पाहण्यात आले. आमच्या गावच्या सड्याच्या (जांभ्या दगडाच्या सपाट माळाच्या) उपग्रहचित्रातही तसेच गोल खड्डे ओळीने दिसतात. तेही अश्मयुगीन असतील का? – एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील ‘ओळीने’ हा शब्दच बरेच काही सांगून जातो. ग्राइम्स ग्रेव्हजला सुमारे 4,500 वर्षांपूर्वीचे 400 हून अधिक खड्डे आहेत, पण ओळ म्हणून कुठे नाही. देवीचे वण उठलेल्या गालासारखी ती जमीन दिसते. खडूच्या मऊ खडकात काही ठिकाणी 12 मीटरपर्यंत उतरायचे, हरणाच्या शिंगाच्या कुदळीने तळाची चकमक काढायची आणि नव्या विवरातला राडारोडा जुन्यात लोटायचा, अशी तिथली रीत होती. त्यामुळे आज वरून दिसतात ती बुजलेल्या विवरांची बशीसारखी उथळ तोंडे, एकमेकांना खेटलेली. जिथे अशी जमीन नांगरून सपाट झाली आहे, तिथेही बुजलेल्या विवरात ओल टिकते आणि वरचे पीक हिरवे राहून वर्तुळ उमटते.

आपल्याकडचे समान अंतरावरचे खड्डे बहुधा हापूसच्या कलमांसाठी कातळात घेतलेले असावेत; दोन कलमांत 10 मीटर अंतर ठेवण्याची पद्धत आपणांस ठाऊक असेलच. चिरेखाण (बांधकामाचे चिरे काढण्याची खाण) असती, तर कडा काटकोनात दिसल्या असत्या. शिवाय चकमक मिळते ती खडूच्या किंवा चुनखडीच्या थरांत. जांभा तयार होताना सिलिका धुऊन जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे उरतात; तिथे चकमकीसाठी खणण्याइतका अश्मयुगीन माणूस भोळा नव्हता.

चित्र पाहताना आणखी एक फसगत होते. हिवाळ्यात सकाळी घेतलेल्या चित्रात ऊन आग्नेयेकडून, म्हणजे चित्राच्या खालच्या बाजूने येते. नजर मात्र उजेड वरून आहे असे धरून चालते, आणि खड्डा उंचवट्यासारखा भासतो. अशा वेळी मोबाइल उलटा धरून पाहावे (स्क्रीन आपोआप फिरणार नाही, एवढी काळजी घेऊन).

एवढ्यावर न थांबता पावसाळ्यानंतर गवत वाळले की सड्यावर स्वतः फिरून यावे. गारगोटीचे किंवा अकीकाचे धारदार छिलके, एका अंगाला फुगवटा असलेले, एकाच जागी विखुरलेले आढळले, तर ते हत्यारे घडवल्याची खूण असू शकतात, खाणीची नव्हे. ते उचलू नयेत. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.