पाचची घंटा आणि प्रेपचे दोन तास

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी विद्यालयं. तिथल्या मुलांच्या पालकांच्या पत्रांचा गठ्ठा यंदाही जाड आहे. सहावीची मुलं वसतिगृहात जाऊन महिना-दीड महिना झाला की अशी पत्रं येणारच. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी गणिताची मास्तरीण. नोकरीची बहुतेक वर्षं नवोदयमध्ये गेली, त्यातली बरीचशी मुलींच्या उदयगिरी हाउसची हाउस मिस्ट्रेस म्हणून, म्हणजे वसतिगृहातल्या त्या गटाची देखरेख माझ्याकडं. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं-गावं काढली आहेत.

मॅडम, नमस्कार. आमचा मुलगा यंदा सहावीला नवोदयला लागला. जिल्ह्यातून ८० जागा, त्यात नंबर आला म्हणून गावात पेढे वाटले. आता फोनवर नुसता रडतो. पाचला उठवतात, दिवसभर घंटा वाजते, होमवर्क पुरा होत नाही, कपडे स्वतः धुवायचे. त्याचे वडील म्हणतात, होईल सवय. माझा जीव राहत नाही. परत आणू का?
– एक आई, बार्शी तालुका

ताई, आणू नका. निदान एवढ्यात नाही.

तुमच्या मुलाचा दिवस साधारण असा जात असणार. शाळेगणिक आणि ऋतूगणिक थोडं मागंपुढं. पाचला घंटा. साडेपाचला मैदानावर फॉल-इन, म्हणजे रांगेत उभं राहायचं, मग पाऊण तास पीटी. मग अंघोळ, युनिफॉर्म, नाश्ता, प्रार्थना, आणि तिथून दीड-दोनपर्यंत तासिका. जेवण. साडेतीनपर्यंत विश्रांती. मग तासभर रेमेडियल (कच्च्या विषयांची उजळणी) किंवा सुपरवाइज्ड स्टडी, चहा, पाच ते सहा खेळ, रोल कॉल, साडेसहा ते साडेआठ प्रेप, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून करायचा गृहपाठ-अभ्यास, पुन्हा जेवण, डॉर्ममध्ये थोडा अभ्यास, दहाला दिवे बंद.

ऐकून छातीत धस्स होतं खरं. पण यात अभ्यास जास्त कुठं आहे? प्रवेश परीक्षेसाठी त्यानं घरी याहून जास्त केला असेल. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण, त्यातले निम्मे बुद्धिमत्ता चाचणीचे. आकृत्या सोडवून सोडवून पोरं झोपेतही त्रिकोण मोजतात. तेव्हाही तुम्ही त्याला पहाटेच उठवत असाल. फक्त तेव्हा दुधाचा पेला तुम्ही हातात देत होता आणि बनियन कुठं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.

सहावीतल्या पोराचं घोडं बहुतेक वेळा बादलीपाशी अडतं. पीटी सुटली की चाळीस पोरं एकदम धावतात आणि नळ मोजके. मोठे दादा आधी घुसतात. ज्याची बादली मागं राहिली त्याची अंघोळ उशिरा. मग नाश्ता कसाबसा, मग गणिताची वही डॉर्ममध्येच राहिली, मग पहिल्या तासाला उभं. संध्याकाळी प्रेपला बसल्यावर निम्मा वेळ सकाळचं राहिलेलं निस्तरण्यात जातो. आणि रात्री पोरगं आईला सांगतं, होमवर्क पुरा होत नाही. खोटं नाही बोलत तो. पण सुरुवात नळापासून झालेली असते.

तेव्हा फोनवर ‘कसा आहेस’ विचारू नका, त्यानं रडूच येतं. अंघोळ किती वाजता झाली विचारा. प्रेपला शेजारी कोण बसतं, मोजे वाळले का, पेटीची किल्ली कुठं ठेवतोस, असं विचारा. किल्ली नाडीत ओवून गळ्यात घालायला सांगा. पुढच्या भेटीला मोज्यांचे दोन जोड जास्त न्या आणि एक साधं हातातलं घड्याळ. प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूनं त्याचा नंबर न पुसणाऱ्या पेनानं घाला. दोरीवरचा बनियन नावानं परत येत नाही, नंबरानं येतो. दप्तर रात्री दिवे बंद व्हायच्या आत भरून उशाशी ठेवायचं, ही एक सवय लागली तरी त्याचा पहिला तास बसून जाईल.

धुण्याचं म्हणाल, तर रविवारी सकाळी हौदाजवळ जाऊन बघा कधी. रडणारी पोरंच साबणाच्या फेसात सगळ्यात जास्त धिंगाणा घालत असतात.

मात्र काही गोष्टींना ‘सवय होईल’ म्हणायचं नाही, आणि हे त्याच्या वडिलांनाही वाचून दाखवा. अंथरूण ओलं व्हायला लागलं, जेवण तुटलं, एखाद्या मोठ्या मुलाचं नाव निघालं की तो गप्प होतो, फोनवर यायलाच नको म्हणतो, यातलं काहीही दिसलं तर भेटीच्या रविवारची वाट बघू नका. गाडी पकडा, हाउस मास्तरांना भेटा, समाधान झालं नाही तर तिथूनच प्राचार्यांच्या केबिनमध्ये जा. तेवढ्यानंही फरक पडला नाही तर खुशाल घरी आणा. गावात पेढे वाटले होते हे काही त्याला तिथं ठेवायचं कारण होत नाही.

मी स्वतः जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. मुलगी नवोदयला सातवीत. तिच्या वह्या पाहिल्या, होमवर्क फारच किरकोळ वाटलं. बाहेरची मुलं आत्तापासून फाउंडेशन कोर्स करतात. मी एका क्लासची पुस्तकं आणून दिली आहेत, रोज रात्री एक तास करायला सांगितलंय. ती म्हणते वेळ नाही. दुपारी झोपायचं सोड, असं मी सांगितलं. बरोबर ना?
– एक शिक्षक पालक, नांदेड जिल्हा

नाही, सर. अजिबात नाही.

आपण दोघं शिक्षक आहोत, हिशेबच मांडू. दहा ते पाच म्हणजे सात तास झोप, तीही दहाला डोळा लागला तर. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास सांगते आणि तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा. नवोदयचं वेळापत्रक झोपेच्या बाबतीत मुळातच उधारीवर चालतं आणि दुपारची विश्रांती हा त्या उधारीचा हप्ता आहे. तोच तुम्ही क्लासवाल्याला देऊन टाकलात. (पाचची घंटा साडेपाचला करा, असं मी स्टाफ मीटिंगमध्ये कायम म्हणत आले. थंडीत करायचे. फाल्गुन लागला की पुन्हा पाच.)

होमवर्क किरकोळ वाटतं, कारण ते तेवढंच असायला हवं. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात सहावी ते आठवीला दिवसाला फार तर एक तास, नववीपासून फार तर दोन तास असं म्हटलं आहे. तुमच्या मुलीला प्रेपचे दोन तास मिळतात. एक तास गृहपाठ, उरलेल्या तासात तिनं ग्रंथालयातलं पुस्तक वाचलं, चित्र काढलं, नाहीतर मैत्रिणीला अपूर्णांक समजावले तर मला त्यात काही वाया गेलेलं दिसत नाही. मैत्रिणीला समजावणं तर उत्तमच.

जेईई-नीटची काळजी असेल तर त्याला वेळ आहे. पुढच्या वर्गांत चाचणी घेऊन नवोदयची मुलं निवडून त्यांची तयारी फुकट करून घेणारी दक्षणा फाउंडेशनसारखी संस्था आहे. तिचं मोठं केंद्र आपल्याच पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात कडूसजवळ आहे. तिथं जाणाऱ्या मुलांनी सातवीत दुपारची झोप मोडून काही केलेलं नसतं. पुस्तकं परत घेऊन या, आणि दुपारी झोप म्हणून तिला तुम्हीच सांगा. बाबांनी सांगितल्याशिवाय ती आता झोपायची नाही.

मॅडम, मी नववीत आहे. स्थलांतर योजनेत यंदा हिंदी भागातल्या शाळेत आले आहे. गणित-विज्ञान इंग्रजीत, सामाजिक शास्त्र हिंदीत. आठवीपर्यंत मी वर्गात पहिली यायचे. इथं एकाच दिवशी चार विषयांचा होमवर्क येतो, सगळे उद्याच मागतात. प्रेपमध्ये होत नाही, म्हणून दिवे गेल्यावर व्हरांड्यातल्या बल्बखाली बसते. मॅट्रन ओरडतात. पीटीला चक्कर येते. मी मागे पडले आहे का?
– नववीतली एक मुलगी

अगं, मागे कसली पडतेस? वर्गातली तीस टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या मुलखात पाठवायची, ही या शाळांची जुनी पद्धत. तुझ्या शाळेतून तिकडची मुलं आपल्याकडे आली असतील, तीही या घटकेला आमटीत गूळ का, म्हणून तोंड वाकडं करत असतील. पहिली सहामाही सगळ्यांचीच डुगडुगते.

आधी व्हरांडा बंद. रात्री अकरा-बाराला त्या पिवळ्या उजेडात सोडवलेली गणितं मी ढिगानं तपासली आहेत. चिन्हं चुकलेली असतात, एका पायरीतला वजा पुढच्या पायरीत गायब. सकाळी चक्कर येते ती त्याचीच. चक्कर थांबली नाही तर शाळेच्या नर्सला दाखव, हिमोग्लोबिन तपासायला सांग. हे अंगावर काढायचं नाही.

आता प्रेप. पहिली पाच मिनिटं काहीच लिहायचं नाही, फक्त उद्याचं काय आणि किती ते कच्च्या वहीत मांडायचं. मग गणित. डोकं ताजं असतं तेव्हाच. आमच्या मुली नेमक्या उलट करायच्या: आधी सामाजिक शास्त्राची लांबलचक उत्तरं सुंदर अक्षरात, समासाला लाल रेघ, मथळ्याखाली दोन रेघा, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी गणिताची वही उघडायची. मग दुसरीच्या वहीतून छापण्यावाचून इलाज नाही. एखादं उदाहरण दहा मिनिटांत हललं नाही तर खूण करून पुढं जा. सकाळच्या तासाला सरांना ती खूण दाखव. कोरी जागा आणि अडलेली जागा यांतला फरक कुठल्याही गणिताच्या मास्तराला लांबून दिसतो.

भाषेसाठी एक बारीक वही कर. प्रत्येक धड्याचे दहा-पंधरा शब्द समोरासमोर: बहुपदी – पॉलिनॉमियल, परिमेय – रॅशनल, त्वरण – ॲक्सिलरेशन. कल्पना तुला येतातच, फक्त त्यांची नावं बदलली आहेत. प्रार्थनेच्या रांगेत उभी असताना ती वही चाळ.

राहिला चार विषयांचा एकदम मारा. हा दोष तुझा नाही, आमचा, म्हणजे मास्तरांचा. प्रत्येकाला वाटतं आपण अर्ध्या तासाचंच तर दिलंय, आणि शेजारच्या तासाला काय दिलं हे कुणी विचारत नाही. आमच्या हाउसच्या मुलींनी यावर एक युक्ती काढली होती. वर्गाच्या मागच्या फळ्यावर एक कोपरा आखला. दर तासाला मॉनिटरनं तिथं लिहायचं: विषय, काम, अंदाजे मिनिटं, कधीपर्यंत. बास. पाचव्या तासाला आलेल्या सरांना खडू उचलायच्या आधी समोरच दिसायचं की दीडशे मिनिटं झालीत. पहिल्या आठवड्यात दोघं-तिघं रागावले, ‘आम्हाला शिकवता का?’ मग हळूहळू ‘बरं, परवा द्या’ ऐकू यायला लागलं. विज्ञानाचे सर तर स्वतःच मागं जाऊन बघून यायचे. तुझ्या वर्गशिक्षकांना विचारून असा कोपरा आखून बघ. एकटीनं नको, चार-पाच जणी मिळून जा, आणि त्यात तिथल्याच दोघी असू देत.

नातू नवोदयला आहे. भेटीच्या रविवारी काय घेऊन जावं? सून म्हणते काही नेऊ नका, मेसमध्ये सगळं मिळतं.
– एक आजी, कोकणातून

आजी, सुनेचं ऐकू नका. मेसमध्ये सगळं मिळतं, आजीच्या हातचं तेवढं मिळत नाही. पण शाळेत बाहेरचं काय चालतं ते आधी विचारून घ्या, आणि नेणार ते एकट्यापुरतं नको, बाजूच्या पाच-सहा खाटांना पुरेल एवढं न्या. डबा उघडल्यावर तो एकट्याच्या तोंडी लागूच देत नाहीत. तांदळाच्या पिठाचे लाडू, कडक चकल्या, सुकी चटणी टिकते. ओल्या नारळाचं काही नको. मागं एकदा वड्यांना बुरशी आली तरी पोरींनी खाल्ल्या आणि रात्रभर मी दवाखान्यात.

खाणं होईपर्यंत मार्कांचं विचारायचं नाही, आणि आजोबांनाही विचारू देऊ नका. परतीची चारची एसटी असेल तर ती चारचीच पकडा. अंधार पडेपर्यंत थांबणाऱ्यांची मुलं खेळायला जात नाहीत, फाटकाशी उभी राहतात आणि मग प्रेपला बसून पेन चावतात.