वाचकांचे प्रश्न : ओव्हनमधला फुगीर पॅनकेक आणि साखरेऐवजी काय?

ओव्हनमध्ये भाजायच्या, ‘डच बेबी’ नावाच्या गोड पॅनकेकबद्दल सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक.

प्रश्न : ताई, ओटीजीत केलेला पॅनकेक कडेनं जरासा उचलतो, मधे मात्र उत्तप्प्यासारखा जाड बसतो. साखर नको म्हणून पिठात चार मोठे चमचे खजुराची पेस्ट घालते. बेकिंग पावडर वाढवू का? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : बेकिंग पावडर नकोच. हा पॅनकेक निव्वळ वाफेवर फुगतो. कडक तापलेल्या भांड्यात पीठ पडलं की दूध-अंड्यातल्या पाण्याची वाफ होते, ती पीठ वर उचलते, आणि तेवढ्यात अंडं नि मैदा शिजून तो फुगवटा धरून ठेवतात. चार मोठे चमचे पेस्ट म्हणजे साधारण ८० ग्रॅम. मैद्यापेक्षा पेस्टच जास्त! ती तळाशी बसते, पीठ जड होतं आणि वाफेला ते उचलवत नाही. म्हणून गोडी पिठात घालू नका, वरून घाला. फुगायला साखर लागतच नाही. तिनं फक्त रंग जरा लवकर येतो.

२४ सेंटिमीटरच्या भांड्याला ३ अंडी, ६५ ग्रॅम चाळलेला मैदा, १२० मिलि दूध, चिमूटभर मीठ, किसलेलं जायफळ आणि ३० ग्रॅम लोणी घ्या. लोणी खारं असेल तर मीठ वगळा. दूध म्हशीचं, सायीचं असेल तर ८० मिलि दुधात ४० मिलि पाणी घाला. आधी अंडी फेटा, मग थोड्या दुधात मैदा मोडून घ्या, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. उरलेलं दूध शेवटी. पीठ घावनाइतकं पातळ हवं. वीस मिनिटं झाकून ठेवा. उन्हाळ्यात त्याहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका.

भांडं बिडाचं असेल तर उत्तम, नाहीतर जाड ॲल्युमिनियमचा केकचा डबा. प्लॅस्टिकच्या मुठीचा नॉनस्टिक तवा ओव्हनमध्ये घालू नका. रिकामं भांडं सर्वांत खालच्या जाळीवर ठेवून दोन्ही रॉडवर २२० अंश लावा. तापल्याचा दिवा विझला तरी आणखी दहा मिनिटं थांबा. हवा तापते, बीड मागे राहतं. मग लोणी टाका, फेस आला की भांडं फिरवून कडांनाही लावा आणि लगेच पीठ ओता. चर्र असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला, तर भांडं थंड होतं असं समजा.

१६ ते १८ मिनिटं दार उघडू नका. लहान ओटीजीत पॅनकेक वरच्या रॉडच्या जवळ जाऊन करपतो, तेव्हा बाराव्या मिनिटाला बटण फिरवून फक्त खालचा रॉड चालू ठेवा. बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत तो बसतोच, त्याला इलाज नाही आणि तो दोषही नाही. मधला भाग ओला दिसला तर मात्र तीन-चार मिनिटं परत आत ठेवा.

प्रश्न : वरून घालायला खजुराचा पाक घरी कसा करावा? माझा दोन दिवसांत आंबतो. (वाचक, बार्शी)

उत्तर : बिया काढलेला २५० ग्रॅम मऊ खजूर ५०० मिलि पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं शिजवा. घोटा, कोमट झाला की ओल्या पातळ फडक्यातून पिळा. मिक्सरमधून काढला तर रस गढूळ होतो आणि पाकाला पिठूळपणा येतो. गाळलेला रस पसरट कढईत आटवा. थंड ताटलीवर टाकलेला थेंब ताटली तिरकी केल्यावर पळाला नाही, की झाला. शेवटी अर्धा चमचा लिंबाचा रस.

आंबतो याचं कारण पाणी राहिलेलं असतं, किंवा बरणी ओली असते. कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो. बुडबुडे दिसले, वास आंबूस आला, तर टाकून द्या. चोथा फेकू नका, कणकेत मळून गोड दशम्या होतात.

खारकेची पूडही पिठात घालू नका. ती पाणी शोषते आणि तळाशी करपते. बिया काढून, तुकडे कडक उन्हात वाळवून, थांबत-थांबत दळा आणि गरम पॅनकेकवर पिठीसाखरेसारखी भुरभुरा. एकसारखं दळत राहिलात तर पूड तापून गोळा होते.

प्रश्न : घरात मधुमेह आहे. गूळ, काकवी, मध किंवा खजूर चालेल ना? (वाचक, पंढरपूर)

उत्तर : ही चारही साखरच आहेत, रक्तातली साखर वाढवतात. चमच्याला चमचा धरला तर खजुराच्या पाकातून साखरेइतकीच, किंबहुना जरा जास्तच कर्बोदकं जातात. शिवाय ६५ ग्रॅम मैद्यात साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं असतात, ती वेगळीच. पॅनकेकचे चार भाग करून एकच घ्या. वर पाकाऐवजी मूठभर डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि वेलदोडा घाला. सोलापुरात डाळिंबाला तोटा नाही. किती चालेल हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नाही.

प्रश्न : मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ? (वाचक, मंगळवेढा)

उत्तर : पूर्ण ज्वारीचा फुगणार नाही, मैद्यासारखा ताण धरणारा चिकटपणा तिच्यात नाही. ४५ ग्रॅम मैदा आणि २० ग्रॅम ज्वारीचं ताजं, बारीक पीठ घ्या. कडा कमी उचलतील, पण खमंगपणा मैद्याहून सरस. जुनं पीठ कडवट लागतं आणि गोडात ते लपत नाही.

प्रश्न : अंड्याशिवाय होईल? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर : नाही. वाफ धरून ठेवायचं बरंचसं काम अंडंच करतं. दही किंवा केळं ते करू शकत नाही. त्यापेक्षा कणकेची पातळ धिरडी बिडाच्या तव्यावर लावा आणि हाच खजुराचा पाक त्यावर घ्या.