लॉजिया, चावडी आणि खंदक

प्रश्न असा आहे: ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या हेराक्लिओन शहरात, भर बाजारपेठेत व्हेनिसच्या अमलातली 'लॉजिया' नावाची इमारत पाहिली. तिला मराठीत सज्जा म्हणावं का? आणि आपल्या 'लॉज'शी तिचं काही नातं आहे का?

सज्जा नाही हो! हल्ली प्रवासवर्णनांत कुठेही चार खांब आणि मोकळी हवा दिसली की 'सज्जा' लिहून मोकळे होतात. सज्जा भिंतीतून बाहेर निघतो. लॉजिया असते इमारतीच्या पोटात, वर छप्पर आणि निदान एक बाजू कमानींनी उघडी. बांधणी पाहिली तर वाड्यातला सोपा तिला जवळचा. हेराक्लिओनच्या लॉजियाचा उपयोग पाहिला तर मात्र सरळ चावडी म्हणा. फ्रान्चेस्को मोरोझिनी या व्हेनिसच्या अधिकाऱ्याने (सरसुभेदारच म्हणा ना) १६२६ ते १६२८ या काळात ती बांधून घेतली. खालच्या मजल्याला डोरिक खांब, वरच्याला आयोनिक (या प्राचीन ग्रीक खांबांच्या दोन घडणी). उमरावांनी जमावं, कारभाराच्या नि व्यापाराच्या गोष्टी कराव्यात, यासाठी ती होती. आज तिथे नगरपालिका आहे. चावडीच की! आमच्या चावडीवर उमराव नसतात, एवढा फरक सोडून द्या.

उच्चाराचंही सांगतो. 'लॉगिया' तर नाहीच नाही. इटालियनमध्ये तो 'लॉज्जा' आहे, मधली इ फक्त लिहिण्यापुरती. ग्रीक माणूस मात्र त्यात आपल्या 'जहाज'मधला ज घालतो. हिंदीवाल्यांना हा ज शिकवावा लागतो, आपल्याला आयता येतो.

लॉजशी नातं आहे, अगदी सख्खं. जुन्या जर्मानिक बोलीतला 'लाउब्या' म्हणजे झाडपाल्याचा आडोसा, मांडव. त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजी लॉज, लॅटिनमार्गे लॉबी, आणि इटलीत लॉज्जा. एसटी स्टँडसमोरचं 'लॉजिंग-बोर्डिंग' आणि ही उमरावांची कमानदार इमारत एकाच मांडवाखालची. झालं, याहून जास्त त्यात काही नाही.

खरी गंमत शहराच्या नावात आहे आणि ती कोणी विचारत नाही. व्हेनिसवाले या शहराला 'कांदिया' म्हणत, पुढे सगळ्या बेटालाच म्हणू लागले. हे कांदिया म्हणजे आपला खंदक! नवव्या शतकात, ८२० च्या दशकात, अंदालुसियातून, म्हणजे अरबांच्या अमलातल्या स्पेनमधून, हाकलले गेलेले अरब इथे उतरले. त्यांनी वस्ती केली, भोवती खंदक खणला आणि गावाचं नाव ठेवलं 'रबद अल्-खंदक'. ग्रीकांनी त्याचं 'खांदाक्स' केलं, इटालियनांनी 'कांदिया'. म्हणजे १६४८ पासून १६६९ पर्यंत तुर्क ज्या कांदियाला वेढा घालून बसले होते, ते नावानेच खंदक होतं.

आता इथे आमचे शब्दशुद्धीवाले म्हणणार, 'खंदक अरबी, तो टाका, परिखा म्हणा.' अहो, अरबांनी तो इराण्यांकडून उचलला! मदिनेभोवती ६२७ साली खंदक खणला गेला, तेव्हा ती युक्ती सल्मान या इराणी माणसाने सुचवली, असं खुद्द अरबी परंपराच सांगते. मूळ शब्द मध्य फारसीतला 'कंदग', म्हणजे खणलेला. धातू 'कन्'. इराणचा प्राचीन सम्राट दारयवहू (इंग्रजीतला डरायस) याने नाईलपासून तांबड्या समुद्राकडे कालवा काढला, त्याच्या शिलालेखात 'कन्तनइ' असा शब्द आहे: खणायला. हा कन् आणि संस्कृत खन् हे भाऊ. खणणे, खाण, खणती सगळी त्याच घरची. म्हणजे खंदक परका नव्हे, चुलतभाऊ. फक्त अरबस्तानातून वळसा घालून आला. त्यातही चकवा असा की खंदकातला ख अरबीने दिलेला आणि खणण्यातला ख आपला घरचा. ख ला ख जुळतो म्हणून नातं लावणाऱ्यांचं उत्तर बरोबर येतं आणि रीत चुकते. शाळेत अशाला अर्धेच गुण मिळायचे.

दुसरा राग पर्यटन-पुस्तिकांवर. 'कांदियातून साखर यायची म्हणून कँडी' असं छापून ठेवतात. साफ चूक. कँडीचं मूळ अरबी 'कंदी', ते फारसी 'कंद'वरून, आणि कंद आपल्या 'खंड'वरून, म्हणजे तुकडा, ढेप. खांडसरीतला खांड तोच. अरबीत साखरेच्या कंदला घशातून काढायचा क आहे आणि खंदकाला घासून काढायचा ख. अरबाच्या कानाला ही दोन अगदी वेगळी अक्षरं. इटालियन लिपीत दोन्हींचं 'कांद' झालं, आणि पुस्तिकावाल्यांना तेवढंच पुरलं.