सेवेसाठी नोकरी सोडू का?

ताई, प्रभूमध्ये सलाम. माझे वय 36 असून एका मोठ्या शहरातील कंपनीच्या खरेदी विभागात मी 11 वर्षे काम करत आहे. तरुणसंघात माझ्याबरोबर असलेला मित्र नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत गेला आणि तेव्हापासून मला माझ्या बिलांच्या आणि निविदांच्या कामाची लाज वाटू लागली आहे. रविवारी उपासनेत मन भरून येते, पण सोमवारी गर्दीत उभा राहिलो की ते सारे कोठे जाते, कळत नाही. त्यातच वरिष्ठांनी एका पुरवठादाराच्या बिलावर मागची तारीख घालून सही करण्यास सांगितले आहे. परवा उशिरापर्यंत थांबलो असताना सफाई करणाऱ्या बाईंनी विचारले, “साहेब, तुम्ही प्रार्थना करता ना? माझा मुलगा आजारी आहे, त्याच्यासाठी कराल?” मंडळीच्या प्रार्थनासभेला उशीर होत असल्याने मी “बघतो” म्हणून निघालो. ताई, सेवेसाठी नोकरी सोडू का? देव मला माझे सेवाकार्य कधी दाखवील?
– एक अस्वस्थ वाचक

प्रिय बंधू,

सलाम. तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिसऱ्या वेळी, तुम्ही घाईने लिहून पुढे गेलात त्या एका प्रसंगापाशी थांबले. त्याकडे मी शेवटी येईन. आधी तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते: आज तरी नोकरी सोडू नका.

असे म्हणण्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. नोकरी सोडून तुम्ही काय करणार, मुलांना शिकवणार, आजाऱ्यांच्या भेटी घेणार की वचनाचा अभ्यास करणार, याबद्दल त्यात एक ओळही नाही. आहे ती केवळ लाज. ज्याला पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, होते त्याला एखादे काम खेचत असते आणि बहुधा ते आजूबाजूच्या चार विश्वासू माणसांच्याही ध्यानात आलेले असते. तुमच्या मित्राच्या निर्णयाचा मनापासून आनंद माना, पण त्याचे पाचारण ही तुमच्यावरची टीका आहे, असे समजू नका.

‘सेवा’ हा शब्द आपण फार अरुंद करून ठेवला आहे. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजच्या वाटणीत वगळले जात असल्याची तक्रार येते, तेव्हा त्या वाटणीसाठी मूळ ग्रीकमध्ये ‘दियाकोनिया’ हा शब्द आहे, आणि पुढे तीनच वचनांनंतर प्रेषित वचनाच्या सेवेविषयी बोलतात तेव्हाही तोच शब्द येतो. कामे वेगळी होती आणि माणसेही वेगळी नेमली गेली, पण एकाला सेवा आणि दुसऱ्याला पोटापाण्याचा उद्योग, अशी वाटणी लिहिणाऱ्याने केलेली नाही. प्रेषित पौल करिंथ नगरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहून त्यांच्याबरोबर तंबू करीत असे, आणि कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले, हे तो थेस्सलनीकाकरांना आवर्जून आठवण करून देतो. आणि प्रभू येशूचेच पाहा. शुभवर्तमानात लूक सांगतो की कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता. त्याआधीची वर्षे त्याने सुतारकामात घालवली, म्हणूनच तर गावचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखत होते. बाप्तिस्म्याच्या वेळी स्वर्गातून वाणी झाली की पिता त्याच्याविषयी संतुष्ट आहे, तेव्हा त्याने एकही चमत्कार केलेला नव्हता. मला हे वाचताना दर वेळी गहिवरून येते.

तुमच्यासारखाच प्रश्न इंग्लंडच्या संसदेतील विल्यम विल्बरफोर्स या तरुण सभासदाला 1785 मध्ये पडला होता. विश्वासात खोल उतरल्यावर त्याला राजकारण सोडावेसे वाटू लागले आणि तो जॉन न्यूटन या पाळकांकडे गेला, जे स्वतः एके काळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते. न्यूटन यांनी त्याला आहे तेथेच राहण्याचा सल्ला दिला. पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जो लढा दिला, त्याला 1807 मध्ये कायद्याचे रूप आले. तुमच्या माझ्या हातून एवढे मोठे काम होईलच असे नाही, तथापि त्या सल्ल्यातले शहाणपण लहान खुर्चीलाही लागू पडते.

आता त्या बिलाविषयी, कारण तुमची सेवा या क्षणी तेथे अडली आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्यापेक्षा अधिक घेऊ नका, कोणाला लुबाडू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, इतकेच सांगितले. तुम्हीही सही करू नका. मात्र नकार देताना वचने ऐकवू नका आणि वरिष्ठांना पापी ठरवू नका. एकांतात भेटून नम्रपणे सांगा की मागची तारीख मला घालता येणार नाही, पण खऱ्या तारखेने, उशिराचे कारण लिहून, हे बिल मंजूर व्हावे म्हणून मी आजच टिपण तयार करतो. पुरवठादाराचे हक्काचे पैसे अडकले असतील तर तेही एका माणसाचे नुकसान आहे, म्हणून त्या टिपणाचा पाठपुरावा मनापासून करा. झालेले बोलणे त्याच दिवशी लिहून ठेवा. याची किंमत मोजावी लागू शकते, बढती लांबू शकते; तेव्हा त्याआधी घरी मोकळेपणाने बोला. सगळे सुरळीत होईल असे वचन मी देऊ शकत नाही, पण सही केल्यावर रविवारी उपासनेत बसणे तुम्हाला जड जाईल, एवढे तुमच्या पत्रावरून दिसते.

साक्षीबद्दल, म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगण्याबद्दल, थोडे सांगते. तुमच्या हाताखाली कोणी असेल तर खुर्चीच्या जोरावर त्यांना सुवार्ता ऐकवू नका, कारण ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याचे ‘हो’ खरे नसते. प्रेषित पेत्र सांगतो की आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. मी नोकरीत असताना आमच्या विभागातील एका सद्गृहस्थांच्या टेबलावर काचेखाली सुंदर वचने लावलेली होती आणि त्याच टेबलावर इतरांच्या रजेचे अर्ज आठवडेच्या आठवडे पडून राहत. ती वचने कोणी वाचत नसे.

तुमच्या थकव्याकडेही दुर्लक्ष करू नका. एलिया संदेष्टा थकून मरण मागू लागला तेव्हा देवदूताने त्याला आधी खाऊ घातले, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि त्याच्याशी पुढचे बोलणे नंतर झाले. आठवड्यातील एक सभा कमी करण्याविषयी पाळकांशी बोला आणि त्या संध्याकाळी घरी लवकर जा.

आणि आता त्या बाई. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये बंदिवान होऊन गेलेल्यांना पत्र लिहिले की घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित साधा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. नगराचे हित म्हटले की आपल्याला काहीतरी मोठे दिसू लागते, परंतु ज्या शहरात माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, नावाने नाही, तेथे एका स्त्रीने हातातला झाडू थांबवून तुम्हाला प्रार्थना मागितली. बंधू, हे तिने सहज विचारलेले नाही. तुम्ही प्रार्थना करणारे आहात, हे तिने तुमच्या वागण्यातून कधीतरी ताडलेले असणार, म्हणजे ज्या टेबलाची तुम्हाला लाज वाटते त्या टेबलावरून तुमचा विश्वास कोणाला तरी दिसला होता. तुम्ही प्रार्थनासभेला वेळेवर पोहोचण्यासाठी निघालात आणि त्याच पत्रात पुढे विचारलेत की देव मला सेवाकार्य कधी दाखवील. हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण असे दरवाजे मीही घाईत ओलांडले आहेत.

या आठवड्यात एकदा थोडे उशिरापर्यंत थांबा. त्यांना सांगा की त्या दिवशी मी नीट उत्तर दिले नाही, मला क्षमा करा. मुलाचे नाव विचारा, त्याला काय झाले आहे, औषधोपचार कोठे चालू आहेत आणि त्यासाठी एखादा अर्ज किंवा कागद भरून हवा आहे का, तेही विचारा, कारण कागद भरणे तुम्हाला 11 वर्षांच्या सवयीने चांगले येते. त्यांची हरकत नसेल तर तेथेच उभे राहून, दोन वाक्यांत, त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. आणि तो कसा आहे, हे मला पुढच्या पत्रात कळवा.

तुमची,
ताई