सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होणारा महिना : वाचकांचे प्रश्न

या खेपेची बहुतेक पत्रे अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या सॅन अँटोनिओ शहराशी निगडित आहेत. तिथे स्थायिक झालेली आणि मुलांकडे काही महिन्यांसाठी गेलेली मराठी मंडळी सध्या तिथल्या 'हिस्पॅनिक वारसा महिन्या'बद्दल विचारत आहेत. एक पत्र मिरजेचे आहे आणि एक जळगावचे, परंतु त्यांचेही विषय याच वाटेवरचे असल्यामुळे सर्वांना एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी मूळची कोथरूडची, सध्या मुलीकडे सॅन अँटोनिओला आले आहे. नातवाच्या शाळेतून या महिन्याची चिठ्ठी आली. महिना म्हणायचे आणि तो मात्र १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, असे का? आणि हिस्पॅनिक म्हणजे मेक्सिकनच ना?

उत्तर : आजी, आपले भाद्रपद-आश्विनही इंग्रजी महिन्याच्या एक तारखेची वाट पाहत नाहीत, तेव्हा आपण तरी याचे फार नवल करू नये. यामागचे कारण इतिहासाचे आहे. कोस्टा रिका, एल साल्वादोर, ग्वाटेमाला, होंडुरास आणि निकाराग्वा हे पाच देश १५ सप्टेंबर १८२१ रोजी स्पेनच्या सत्तेतून मुक्त झाले, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला येतो आणि चिलीचा १८ सप्टेंबरला. अमेरिकेत १९६८ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत प्रथम आठवडाभराचा सोहळा ठरला आणि १९८८ मध्ये रेगन यांच्या काळात त्याचा महिना झाला. महिना पुरा करताना या तारखा सुरुवातीलाच याव्यात म्हणून १५ सप्टेंबर कायम राहिला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, पण तुमच्या शहरापुरते ते 'बहुतांशी हो' असेही आहे. ज्यांचे मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आहे ते हिस्पॅनिक, अशी ढोबळ व्याख्या आहे. त्यामुळे क्यूबा, पोर्तो रिको, कोलंबिया, पेरू आणि खुद्द स्पेन हे सारे त्यात येतात, पण पोर्तुगीज बोलणारा ब्राझील सहसा येत नाही. (आपला गोवाही त्याच न्यायाने बाहेर राहतो, जरी १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता.) २०२० च्या जनगणनेत अमेरिकेतील ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःची नोंद या सदरात केली. मात्र घरात, स्वयंपाकघरात किंवा लग्नाच्या मांडवात कोणी स्वतःला 'हिस्पॅनिक' म्हणवून घेत नाही, जसे आपण सोलापूरच्या लग्नात स्वतःला 'दक्षिण आशियाई' म्हणत नाही. हा शब्द सरकारी रकान्याचा आहे. सॅन अँटोनिओत तुम्हांला भेटणारी माणसे स्वतःला मेक्सिकन, मेक्सिकन-अमेरिकन किंवा 'तेहानो', म्हणजे टेक्सासचे जुने स्पॅनिशभाषक रहिवासी, असे म्हणतील.

'जुने' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. या शहराची सुरुवात १७१८ साली एका स्पॅनिश मिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या केंद्राने, आणि लष्करी ठाण्याने झाली, तेव्हा अमेरिका हा देशच अस्तित्वात नव्हता. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला. 'आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हांला ओलांडले' ही तिकडची म्हण अनेक घराण्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. नातवाला घेऊन सान होसे मिशन पाहून या. तिथली पाच मिशने २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि शाळेच्या चिठ्ठीतले बरेचसे तिथल्या दगडी भिंतींपाशी आपोआप उलगडेल.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाने यंदा दसऱ्याच्या कार्यक्रमाला शेजारच्या मेक्सिकन कुटुंबांना बोलवायचे ठरवले आहे. मोठ्या काठाच्या टोप्या, खोट्या मिशा आणि टाको असा बेत आहे. बहुतेक सभासद शाकाहारी आहेत. काही सूचना?

उत्तर : पहिली सूचना अशी की मिशा आणि टोप्या रद्द कराव्यात. आपल्याला कोणी दिवाळीच्या पार्टीला बोलावून स्वतः गारुड्याचे फेटे बांधून बसले, तर आपण हसून साजरे करू, पण घरी जाताना गाडीत काय बोलू ते तुम्ही जाणताच.

जेवणाबाबत मात्र तुमच्या हाताशी एक फार सुंदर योग आहे आणि तो तुमच्या कार्यकारिणीच्या ध्यानात आलेला दिसत नाही. दसऱ्याच्या आधी नवरात्राचे उपास असतात. उपासाच्या ताटातील राजगिरा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो तो कसावा हे सर्व मूळचे अमेरिका खंडातले असून कोलंबसानंतरच्या शतकांत, बरेचसे पोर्तुगीजांच्या गलबतांतून, इकडे आले. वरी आणि शिंगाडा वगळले तर आपल्या कडक उपासात सोवळे म्हणून जे चालते, त्यातले बहुतेक पाचशे वर्षांपूर्वी आपल्या कोणाच्या पणजोबांनी पाहिलेही नव्हते. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून मराठीत आला असला तरी मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा आहे आणि त्यांच्याकडे तो रताळ्यासाठी होता.

यांतला राजगिरा मध्यभागी ठेवा. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मध किंवा 'पिलोन्सिल्यो' नावाच्या गुळाच्या पाकात घालून, वर भोपळ्याच्या बिया किंवा शेंगदाणे लावून वड्या पाडतात. त्या वडीला 'आलेग्रिया', म्हणजे आनंद, म्हणतात. आपली राजगिऱ्याची चिक्की तिच्या शेजारी ठेवली तर कोणती कोणाची हे सांगणे कठीण जाईल. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी अॅझ्टेक लोक याच धान्याच्या पिठात पाक कालवून देवांच्या मूर्ती घडवत आणि उत्सवाच्या शेवटी त्या मोडून प्रसाद म्हणून खात. नव्या ख्रिस्ती धर्मगुरूंना त्यात त्यांच्या स्वतःच्या पवित्र विधीचे, म्हणजे येशूचे शरीर मानून भाकरी खाण्याचे, विडंबन दिसले, त्यांनी ही प्रथा दडपली आणि राजगिऱ्याचे महत्त्व तिथे पुष्कळ घटले. तिकडे देवाच्या पायापाशी नकोसे झालेले धान्य इकडे नेमके देवाच्या उपासाला मान्य व्हावे, ही गोष्ट पाहुण्यांना जरूर सांगा. माझ्या मते टाकोंच्या चार ट्रेपेक्षा तिने अधिक गप्पा रंगतील.

दुसरा पदार्थ तामालेस. भिजवून फेटलेले मक्याचे पीठ कणसाच्या वाळक्या सालीवर पसरतात, मध्ये सारण घालतात, साल दुमडतात आणि वाफवतात. हळदीच्या पानातल्या पातोळ्या ज्यांनी केल्या आहेत त्यांना हात कसा चालवायचा ते शिकवावे लागणार नाही. मात्र शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. पारंपरिक तामालेसमध्ये, मैद्याच्या तोर्तियांमध्ये (म्हणजे तिकडच्या पोळ्यांमध्ये) आणि परतून घोटलेल्या राजम्यातही डुकराची चरबी असते आणि तिला 'मांतेका' म्हणतात. पदार्थात मांस नाही म्हणजे तो शाकाहारी आहे, असे धरून चालू नये. सारणाला चीज आणि भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या सांगा, पिठाला वनस्पती तूप किंवा तेल सांगा. आधी कळवले तर घरगुती करणाऱ्या बायका आनंदाने तसे करून देतात.

राहता राहिली सजावट. बाजारातून प्लॅस्टिकच्या माळा आणण्याऐवजी 'पापेल पिकादो' लावा. पतंगाच्या कागदासारख्या पातळ रंगीत कागदांची चळत शिशाच्या पत्र्यावर ठेवतात आणि छिन्नी-हातोडीने एकाच वेळी पन्नास-पन्नास कागदांतून नक्षी पाडतात. पुएब्ला राज्यातील सान साल्वादोर उइक्सकोलोत्ला हे गाव या कामासाठी ओळखले जाते. त्याखाली झेंडूची तोरणे बांधा, कारण झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. नाव्हात्ल, म्हणजे अॅझ्टेक लोकांच्या भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फुले' असा होतो, म्हणजे अनेक पाकळ्यांचे फूल.

प्रश्न : आमच्या मिरजेत वाद्ये घडवणाऱ्यांची घरे आहेत, म्हणून कुतूहल. टेक्सासच्या मेक्सिकन संगीतात पेटीसारखे एक वाद्य ऐकू येते. ते आपल्या हार्मोनियमचे भावंड आहे का?

उत्तर : भावंड नव्हे, पण चुलत घराण्यातले नक्कीच. ते अॅकॉर्डियन आहे. दोन्हींत भाता हवा देतो आणि धातूची पट्टी थरथरून सूर निघतो. 'अॅकॉर्डियन' या नावाचे पेटंट व्हिएन्नात १८२९ साली घेतले गेले. एकोणिसाव्या शतकात टेक्सासमध्ये येऊन शेती करू लागलेल्या जर्मन आणि चेक लोकांनी हे वाद्य आणि त्यासोबत पोल्का हा नाच आणि त्याचे संगीत आणले. शेजारच्या मेक्सिकन शेतमजुरांनी ते उचलले, आणि त्याला बाहो सेस्तो या बारा तारांच्या जाड आवाजाच्या गिटारची जोड दिली. या जोडीतून 'कोन्हुंतो' संगीत उभे राहिले.

कारागिराला आवडेल असा फरक सांगतो. आपल्या पेटीत बोटाखालची एक पट्टी म्हणजे एक सूर, भाता कोणत्याही दिशेला चालो. कोन्हुंतोच्या बटणांच्या अॅकॉर्डियनमध्ये तेच बटण भाता दाबताना एक सूर देते आणि ओढताना दुसरा. म्हणजे वादकाला बोटांबरोबर भात्याची दिशाही चालीत बसवावी लागते आणि त्यामुळेच त्या संगीतात तो झटक्याझटक्याने पुढे जाणारा ठसका येतो. नार्सिसो मार्तिनेस या वादकाने १९३० च्या दशकात डाव्या हाताची खर्जाची बटणे जवळजवळ सोडूनच दिली, तो भार सान्तियागो आल्मेदा यांच्या बाहो सेस्तोवर टाकला आणि उजव्या हाताला मोकळे रान दिले. आजचे वादकही बहुतांशी त्याच वाटेने जातात. सॅन अँटोनिओच्या ग्वादालूपे सांस्कृतिक कला केंद्राचा तेहानो कोन्हुंतो महोत्सव १९८२ पासून चालत आला आहे, पण तो मे महिन्यात असतो, तेव्हा केवळ वारसा महिन्यासाठी कोणी विमानाचे तिकीट काढू नये.

याच शहराच्या चौकात लिदिया मेंदोसा ही गायिका १९३० च्या दशकात चिल्लर पैशांसाठी गात असे. १९३४ मध्ये तिचे जे गाणे गाजले त्याचे शब्द तिला लहानपणी च्युइंगगमच्या वेष्टनावर छापलेले मिळाले होते. त्या काळचे च्युइंगगम चिकूच्या झाडाच्या चिकापासून बनत असे आणि चिकूही मेक्सिको-मध्य अमेरिकेचाच आहे. पत्र जरा भरकटले, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

प्रश्न : पाच मेचा सण आणि कवट्यांचा सण याच महिन्याचे भाग आहेत का?

उत्तर : दोन्ही नाहीत. पाच मे हा १८६२ मधील पुएब्लाच्या लढाईत मेक्सिकोने फ्रेंच सैन्याला हरवल्याचा दिवस आहे, स्वातंत्र्यदिन नव्हे. कवट्यांचा सण म्हणजे मृतांचा दिवस, तो १ आणि २ नोव्हेंबरला येतो. त्या वेळी घरातील गेलेल्यांचे फोटो मांडून त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्यांना त्यात परके वाटावे असे फारसे काही नाही.

प्रश्न : जळगावात मक्याला तोटा नाही. घरी पिठाच्या तोर्तिया करून पाहिल्या, पण लाटताना तुकडे होतात. काय चुकते?

उत्तर : पीठ चुकते. आपले दळलेले मक्याचे पीठ कच्च्या दाण्यांचे असते, तर तोर्तियाचे पीठ चुन्यात शिजवलेल्या दाण्यांचे असते. किलोभर मक्याला तीन लिटर पाणी आणि साधारण १० ग्रॅम खाण्याचा चुना घेऊन दाणे पाऊण तास मंद उकळावेत, रात्रभर त्याच पाण्यात ठेवावेत, सकाळी हाताने चोळून साले काढावीत, दोन-तीन पाण्यांनी धुवावेत आणि ओलेच वाटावेत. चुन्यामुळे साल सुटते, पीठ चिकट होते, आणि दाण्यात अडकलेले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. मका युरोपात नेणाऱ्यांनी ही कृती मागेच ठेवली आणि केवळ मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणारा रोग, जडला. मेक्सिकोत हे वाटण 'मेताते'वर होत असे, म्हणजे तीन पायांच्या दगडी पाट्यावर, आडव्या वरवंट्याने.

नंतर लिंबाएवढा गोळा दोन तळव्यांत थोडा चपटा करून पाहावा. कडा फुटल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे. लाटणे बाजूला ठेवावे आणि भाकरीसारखे थापावे.